मालकीचं रान देशाच्या यादीत: सातारा-सांगलीतल्या जमीनधारकांचे ओईसीएमबद्दलचे नेहमीचे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले शेतकरी, देवस्थानचे विश्वस्त, शाळा-कारखान्यांचे व्यवस्थापक आणि वडिलोपार्जित पड जमीन राखून असलेली कुटुंबं यांच्यासाठी हे पान आहे. अभयारण्याबाहेरच्या जमिनीवर निसर्ग टिकून असेल, तर त्याची राष्ट्रीय पातळीवर नोंद कशी होते, त्यासाठी काय तयारी लागते आणि गाडी कुठे अडते, ते इथे दिलं आहे.

ओईसीएम म्हणजे नेमकं काय?

‘अदर इफेक्टिव्ह एरिया-बेस्ड कन्झर्वेशन मेझर्स’ या लांबलचक नावाचं हे लघुरूप. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य नाही, पण ज्या पद्धतीनं ती जमीन सांभाळली जाते त्यामुळे तिथली जैवविविधता दीर्घकाळ टिकते, असं हद्द ठरलेलं क्षेत्र म्हणजे ओईसीएम. ही व्याख्या नोव्हेंबर २०१८ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेख इथे जैवविविधता कराराच्या परिषदेत ठरली. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र संवर्धनाखाली आणण्याचं उद्दिष्ट मान्य झालं. भारताची अधिकृत संरक्षित क्षेत्रं जमिनीच्या सुमारे ५ टक्केच आहेत, म्हणून बाकीच्या जमिनीकडे लक्ष गेलं.

या व्याख्येत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. इथे हेतू पाहत नाहीत, परिणाम पाहतात. देवराई देवाच्या धाकानं राखली, माळ बैलांच्या चाऱ्यासाठी राखला, कारखान्याचा हरितपट्टा धुळीसाठी ठेवला, तरी चालतं. तिथे मूळचं जीवन टिकलं पाहिजे आणि पुढेही टिकेल अशी व्यवस्था पाहिजे.

हे सरकारी प्रमाणपत्र आहे का?

लोक प्रमाणपत्र म्हणतात, पण ही खरं तर निकषांवर पडताळून केलेली नोंद आहे. भारतात ओईसीएमसाठी वेगळा कायदा नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी २०२२ मध्ये निकष व मार्गदर्शक सूचना काढल्या. जमीन, पाणसाठे आणि सागरी अशा तीन गटांत मिळून त्यात १४ प्रकार आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्रामचं अरवली जैवविविधता उद्यान देशातलं पहिलं ओईसीएम म्हणून जाहीर झालं. खाणींनी पोखरलेल्या टेकड्यांवर तिथे अरवलीचीच मूळ झाडं परत आणली आहेत. पात्र ठरलेल्या जागा पुढे ओईसीएमच्या जागतिक माहितीसंचात जातात.

नोंद ऐच्छिक आहे आणि मालकी हक्काला तिनं धक्का लागत नाही. जमीन वन खात्याकडे जाईल ही भीती गावागावांत ऐकू येते, तिला आधार नाही.

माझी जमीन यात बसते का?

चार गोष्टी पाहा. पहिली, ती आधीच संरक्षित क्षेत्रात नसावी. चांदोली राष्ट्रीय उद्यान, कोयना आणि सागरेश्वर अभयारण्यं, मायणी किंवा आटपाडीची संवर्धन राखीव क्षेत्रं यांच्या हद्दीतली जागा बाद. महाबळेश्वर-पाचगणीचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र हे मात्र नियमन आहे, अभयारण्य नव्हे, त्यामुळे तिथली मालकी जमीन केवळ त्या कारणानं बाद होत नाही. दुसरी, जमिनीबाबत निर्णय कोण घेतं हे स्पष्ट हवं आणि ती सांभाळली जात असल्याचं दिसायला हवं. तिसरी, तिथल्या जैवविविधतेला त्या सांभाळण्यामुळे खरोखर आणि दीर्घकाळ फायदा होत असावा. चौथी, पाणी धरणं, परागीभवन, चारा, देवस्थान, जत्रा अशी तिथली बाकीची मूल्यंही जपली जावीत.

आमच्या अनुभवात बहुतेक प्रस्ताव दुसऱ्या गोष्टीवर अडतात. रान सुंदर असतं, पण ते कोण राखतं याचा कागद नसतो. ‘कुणी तिकडे फिरकत नाही म्हणून टिकलंय’ याला व्यवस्थापन म्हणत नाहीत. उद्या रस्ता झाला की ते टिकणं संपतं.

किमान किती जमीन लागते?

आंतरराष्ट्रीय व्याख्येत किमान क्षेत्राचा आकडा नाही. ज्यासाठी जागा राखायची ते जीवन तिथे टिकण्याइतकी ती असावी. दहा गुंठ्यांच्या पाणथळ सड्यावर (सडा म्हणजे सपाट कातळाचं पठार) कीटकभक्षी वनस्पतींचा अख्खा समूह नांदू शकतो. लांडग्याच्या एका कळपाला मात्र गावंच्या गावं कमी पडतात. लहान तुकडा असेल तर शेजारच्या गटांना बरोबर घ्या. चार भावांचे चार गट लागून असतील आणि नियम एकच असेल, तर त्यांचं मिळून एक क्षेत्र करणं केव्हाही चांगलं.

सातबाऱ्यावर काय काय पाहायचं?

इथे वेळ घालवा, कारण पुढचे निम्मे घोटाळे इथेच सुरू होतात. प्रत्येक गटाचा डिजिटल सहीचा सातबारा, ८अ आणि गट नकाशा काढा. मग ओळ न ओळ वाचा.

खातेदारांची नावं: सामाईक खातं असेल तर प्रत्येकाची लेखी संमती लागते. पुण्या-मुंबईला गेलेले चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, सगळे आले. मयताचं नाव तसंच असेल तर आधी वारसनोंद करून घ्या. भावकीत वाटणीचा दावा चालू असेल तर तो मिटेपर्यंत थांबा. ‘दीर्घकाळ’ हा शब्द वाद चालू असलेल्या जमिनीवर कुणी मान्य करणार नाही.

भोगवटादार वर्ग: वर्ग १ असेल तर प्रश्न नाही. वर्ग २ असेल तर हस्तांतरणावर शासनाची बंधनं असतात. देवस्थान इनामाची जमीन असेल तर विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो, पुजाऱ्याची एकट्याची सही पुरत नाही.

इतर हक्क: बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, पवनचक्की वा सौर कंपनीचा भाडेपट्टा, कुळाची नोंद, वाटेचा किंवा विहिरीच्या पाण्याचा हक्क इथे असतो. बोजा असला म्हणून जमीन बाद होत नाही, पण तो लपवू नका. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याखालची नोंद दिसली, तर मालकी कुणाची हे आधी ठरवून घ्यावं लागेल.

पोटखराबा: सगळ्यांनी दुर्लक्ष केलेला हा रकाना आमच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा. वर्ग अ म्हणजे खडक, नाला, घळ यांमुळे लागवडीस अयोग्य, आणि वर्ग ब म्हणजे रस्ता, पाट, तलाव अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेली जमीन. ज्या तुकड्याला शेतसारा लागला नाही, नांगरही लागला नाही, तिथेच जुनं गवत, कंद आणि खडकावरच्या वनस्पती शिल्लक आहेत. वर्ग अ पोटखराबा लागवडीखाली आणण्याची सोय आता आहे, म्हणून जेसीबी लावण्याआधी एक पावसाळा त्या तुकड्यावर काय उगवतं ते पाहा, ही कळकळीची विनंती.

हद्द कशी आखायची?

शक्य असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि ‘क’ प्रत जपून ठेवा. मग फोनवर मार्ग नोंदणारं एखादं ॲप लावून हद्दीवरून चालत जा आणि केएमएल फाइल, म्हणजे संगणकाच्या नकाशावर हद्द दाखवणारी फाइल, तयार करा. फोनची चूक मोकळ्या माळावर तीन ते दहा मीटरची असते, दाट झाडीत आणि कड्याखाली त्याहून जास्त. म्हणून कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच बिंदू घ्या.

अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत लिहा. चार स्थळांना सुमारे ११ मीटरचा फरक राहतो, पाचला सुमारे १ मीटरचा. दोन्ही आकड्यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. सातारा-सांगलीत अक्षांश १६ ते १९ च्या आणि रेखांश ७३ ते ७६ च्या दरम्यान येतो. उलटे लिहिलेत तर तुमचा माळ नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो.

क्षेत्रफळातही गफलत होते. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, बोलताना आपण गुंठे म्हणतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही एकच धरले तर मोठ्या क्षेत्रात कागद जुळत नाहीत.

जैवविविधतेची नोंद कशी करायची? तज्ज्ञ लागतोच का?

वनस्पती ओळखायला जाणकार लागतोच. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभागाला विचारा. मात्र नोंदीची शिस्त घरच्यांनाही सांभाळता येते.

आधी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोकजैवविविधता नोंदवही मागा. मग जागेवर या. गवतासाठी एक मीटर बाय एक मीटरची लाकडी किंवा दोरीची चौकट करा आणि ती चांगल्या दिसणाऱ्या जागी न ठेवता ठरावीक अंतरावर टाकत जा. पाच एकराच्या माळावर २० चौकटी घेतल्या तर चित्र उभं राहतं. झुडपांना ५ बाय ५ आणि झाडांना १० बाय १० मीटर घ्या. पक्ष्यांसाठी एकमेकांपासून किमान २०० मीटरवर कायमचे बिंदू ठरवा आणि सूर्योदयानंतरच्या तीन तासांत प्रत्येक बिंदूवर १० मिनिटं उभे राहा. किती वेळ पाहिलं तेही लिहा. तासाभरात दिसलेले ३० पक्षी आणि दहा दिवसांत दिसलेले ३० पक्षी यांचा अर्थ एक नाही.

एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास, त्यामुळे सगळ्यांना एक वेळापत्रक लागू होत नाही. सड्यावर जून-जुलैत बेडूक आणि कंद, ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलं. वायतुरा, म्हणजे साताऱ्याचंच नाव मिरवणारी अपोनोजेटॉन सातारेन्सिस, गेंद आणि सीतेची आसवं यांचा हाच काळ. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळांवर गवत सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलोऱ्यावर येतं, तेव्हाच ते ओळखू येतं. भोवत्यांसारखे पाहुणे शिकारी पक्षी हिवाळ्यात पाहावे लागतात. म्हणून एक पूर्ण वर्ष द्या. मे महिन्यात एक फेरी मारून केलेली यादी परत येते, आणि ते योग्यच आहे.

याद्यांत दिसणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत: दुसऱ्या तालुक्याच्या पुस्तकातून उतरवलेली नावं, लावलेला गुलमोहर आणि निलगिरी ‘मूळ प्रजाती’त मोजणं, ठसा न दाखवता लिहिलेला बिबट्या. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीला तारीख, जागा आणि फोटो जोडा. शिवाय सहा-आठ ठिकाणी दगडावर रंगानं खूण करून त्याच जागेवरून, त्याच दिशेला, दर वर्षी त्याच आठवड्यात फोटो काढा. पाच वर्षांनी हे फोटो कुठल्याही अहवालापेक्षा जास्त बोलतात.

आणि एक सावधगिरी. खवले मांजर, लांडग्याचं बीळ, घुबडाचं घरटं, कंदीलपुष्पाचे कंद यांच्या नेमक्या जागा सार्वजनिक कागदात लिहू नका. हद्दीची माहिती द्या, बिळाची नको.

आम्ही दहा हजार झाडं लावली आहेत. नोंद सोपी होईल ना?

बहुधा अवघड होईल. हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं, म्हणून सविस्तर सांगतो.

झाडं कुठे लावली यावर सगळं आहे. कास, चाळकेवाडी, सडावाघापूरसारख्या सड्यांवर मातीचा थर काही सेंटिमीटरचा, कित्येक ठिकाणी नुसताच जांभा. पावसाळ्यात त्या कातळावर पाण्याचा पातळ पडदा आणि छोटी डबकी तयार होतात, आणि नायट्रोजनची वानवा असलेल्या त्या ओल्या थरातच कीटक खाऊन जगणारी वनस्पती वाढते. खड्डे मारले की जांभा फुटतो, पाणी वेगळ्या वाटेनं जातं आणि खड्ड्यात टाकलेल्या पोयट्याबरोबर तण येतं. रोप तर उन्हाळ्यात मरतंच.

माळाचंही तेच. चंडोल, धाविक, माळटिटवी जमिनीवर अंडी घालतात. त्यांना दूरवर दिसणारं मोकळं रान लागतं. मधोमध गिरिपुष्पाच्या किंवा सुबाभळीच्या रांगा आल्या की कावळ्या-शिक्र्यांना बसायला जागा होते आणि घरटी लुटली जातात. खाली सावली आली की पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं मागे हटतात. माळ ‘ओसाड’ नसतो. लांडगा, खोकड, तरस यांचं ते घर आहे आणि खिल्लार जनावराचं, माडग्याळ मेंढीचं पोट त्यावरच भरतं.

झाडं कुठेच नकोत असं मात्र नाही. सागरेश्वरच्या उघड्या डोंगरांवर माणसांनी कष्टानं रान उभं केलं, ते आज अभयारण्य आहे. तिथे मुरूम-माती धरून ठेवणाऱ्या उतारांना झाडोरा शोभला. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज लावा. पश्चिमेच्या उतारावर अंजन, हिरडा, जांभूळ परत येऊ द्या. लावण्याआधी इतकंच तपासा: आजूबाजूला न बिघडलेल्या अशाच जागी काय वाढतं? गावातल्या सत्तरीच्या माणसाला लहानपणी तिथे काय दिसायचं? उत्तर ‘गवत’ आलं तर गवतच राखा.

लावून झालेलं असेल तर प्रस्तावात ते खरं लिहा आणि परकी झाडं टप्प्याटप्प्यानं कशी कमी करणार तेही लिहा. तोडण्याआधी झाड तोड नियमनाची परवानगी लागते का, हे विचारून घ्या.

चराई बंद करावी लागेल का?

नाही, आणि सरसकट बंदी अनेक ठिकाणी अपायकारक आहे. सड्यावर चराई पूर्ण थांबली की उंच गवत माजतं आणि त्याखाली बुटकी फुलझाडं गुदमरतात. जास्त चराईनं उलट कुसळी आणि टाकळाच उरतो. त्यामुळे पाळी ठरवावी: क्षेत्राचे तीन-चार भाग करा, पावसाच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत कोवळ्या गवताला जनावर लावू नका, बी झडल्यावर कापणी किंवा चराई, आणि दर वर्षी एक भाग पूर्ण मोकळा.

मेंढपाळांचं नाव सातबाऱ्यावर नसतं, पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरता तळ, दर साली ठरलेल्या वाटेनं येतो. त्यांना न विचारता तारेचं कुंपण घातलं, तर संमतीचा निकष तुम्हीच मोडला. कुंपणात खोकड आणि कोल्हे अडकतात, ते वेगळंच. वाडा यायच्या आधी बसून बोला, आणि ठरलेलं दोन ओळींत लिहून दोघांनी सही करा.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं फुटतं, हे खरं का?

हिरवा फुटवा लवकर दिसतो, एवढंच खरं. फेब्रुवारी ते एप्रिलच्या वणव्यात बी, सरडे, कासवं, अंडी आणि उतारावरचं झाडोऱ्याचं रोप जळतं, आणि पहिल्या वळवात उघडी माती वाहून जाते. नोव्हेंबर-डिसेंबरात हद्दीवरचं आणि वाटेकडचं गवत दहा-पंधरा फूट रुंद पट्ट्यात कापून बाहेर न्या. जानेवारीत पुन्हा एकदा पट्टा झाडून काढा, वाळलेला पाला पडलेला असतो. बरेच वणवे रस्त्याच्या कडेनं लागतात, तिथला पट्टा आधी.

घाणेरी आणि वेडी बाभूळ कशी काढायची?

घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, खोड-मुळाच्या सांध्याखाली कुदळीनं तोडा आणि झुडूप उलटं टाका, म्हणजे मुळं मातीला लागत नाहीत. फळं धरण्याआधी काढा. पुढची दोन वर्षं पावसाळ्यात रोपं उपटत राहा, नाहीतर श्रम वाया. वेड्या बाभळीचा बुंधा वीत-दीड वीत खोल खणून काढावा लागतो. गाजर गवत फुलण्याआधी उपटायचं. सगळं एका वर्षात साफ करू नका. सशाला, तितराला तेवढाच आडोसा उरलेला असतो, म्हणून पट्ट्यापट्ट्यानं.

जमिनीवर पवनचक्की आहे. चालेल?

ज्या तुकड्यावर पवनचक्की, तिचा रस्ता आणि वाहिन्या आहेत तो वगळा. उरलेल्या जागेचा निर्णय तुमच्या हातात आहे की भाडेपट्ट्यानं कंपनीच्या, हे करारात पाहा. चाळकेवाडीच्या पठारावर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आढळले, त्यामुळे गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांची संख्या वाढली, पण ते अंगानं रोड होते. २०१६ मध्ये या सरड्यांच्या एका जातीचं वर्णन झालं, तेव्हा तिच्या वंशाला (जीनसला) ‘सरडा’ हाच मराठी शब्द दिला गेला. वरवर जागा भरलेली दिसते, पण आतली घडी बदललेली असते. नोंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आमचा सगळा ऊस. आम्हाला यात काही आहे का?

उसाचं वावर ओईसीएम होणार नाही. पण कृष्णा, येरळा, वारणेच्या काठचा न मोडलेला पट्टा, ओढ्याची झाडी, मळीतली बेटं होऊ शकतात. कृष्णेच्या काठावर मगर राहते, तिला ऊन खायला आणि अंडी घालायला मातीचा उतार लागतो. दगडी पिचिंग किंवा काठापर्यंत नेलेली लागण तो उतार संपवते. पुराची रेषा आणि नदीची शासकीय हद्द मात्र आधी नकाशावर तपासा.

देवराई आणि गायरान?

देवराई ज्याच्या नावावर त्याच्या संमतीनं. गायरान शासनाचं असतं आणि ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतं, खाजगी म्हणून त्याचा प्रस्ताव करता येत नाही. ग्रामसभेचा ठराव घेऊन समितीमार्फत जावं. देवराईत सभामंडप, फरशी, हायमास्टचे दिवे येत असतील तर ते थांबल्याशिवाय प्रस्ताव करू नका.

समुदाय राखीव क्षेत्र करणं जास्त चांगलं नाही का?

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६क नुसार खाजगी जमीन मालकाच्या इच्छेनं समुदाय राखीव म्हणून अधिसूचित होऊ शकते. ते बळकट आहे, पण नंतर जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता लागते. परतीची वाट अरुंद. जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खालचा जैवविविधता वारसा स्थळाचा मार्गही आहे. ओईसीएम यांहून सैल. घरात एकमत पक्कं असेल आणि जागा खरोखर दुर्मीळ असेल तर राखीवचा विचार करा. नाहीतर ओईसीएमपासून सुरुवात ठीक.

पैसे मिळतात का? भूसंपादन थांबतं का? जमीन विकता येते का?

नोंदीमुळे आपोआप अनुदान किंवा करसवलत मिळत नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरण आणि वन्यजीव संरक्षण येतं, त्यामुळे सामाजिक दायित्व निधी मागताना व्यवस्थित नोंदी असलेली जागा पुढे राहते. भूसंपादनाला कायदेशीर अडथळा होत नाही, पण हरकत घेताना वर्षानुवर्षांच्या तारीखवार नोंदी हातात असतात. विक्री करता येते. नवा मालक तीच पद्धत चालवणार नसेल तर नोंद टिकणार नाही, म्हणून मृत्युपत्रात किंवा कुटुंबाच्या नोंदणीकृत करारात जागेचा वापर लिहून ठेवा. संस्थेला वर्षाहून जास्त मुदतीनं जमीन भाड्यानं द्यायची तर तो पट्टा नोंदवावाच लागतो.

मी शेतकरी नाही. निसर्ग राखायला माण किंवा पाटणमध्ये जमीन घेऊ का?

कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन पुढे सरकारजमा होऊ शकते. त्यापेक्षा राखणाऱ्या स्थानिक कुटुंबाला नोंदी, मोजणी आणि राखणदाराच्या खर्चात मदत करा.

दुसऱ्या देशांत हे कसं चालतं?

जपानचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. तिथल्या पर्यावरण मंत्रालयानं २०२३ मध्ये ‘निसर्ग-सहजीवन स्थळ’ असं राष्ट्रीय प्रमाणन सुरू केलं आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या फेरीत १२२ जागा मान्य केल्या. त्यांत कंपन्यांची जंगलं, विद्यापीठांचे परिसर, गावांलगतची जुनी शेत-रानं आहेत. जी जागा आधीच संरक्षित क्षेत्रात येते, तेवढा भाग वगळूनच ती जागतिक ओईसीएम यादीत जाते. एप्रिल २०२५ पासून त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे असा कायदा नसल्यानं कागदाचं वजन तुमच्या नोंदींवरच उभं राहतं.

प्रस्ताव कुणाकडे द्यायचा, आणि नंतर काय?

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला प्रत द्या, तिचा ठराव घ्या आणि नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळामार्फत राष्ट्रीय प्राधिकरणाकडे पाठवा. सोबत सातबारा-८अ, मोजणी नकाशा, केएमएल फाइल, सर्व खातेदारांची संमती, वर्षभराच्या नोंदी आणि चार-पाच पानांचा व्यवस्थापन आराखडा. आराखड्यात कोण, काय, कोणत्या महिन्यात आणि खर्च कुठून, एवढं हवं. निसर्गाची स्तुती नको. नंतर दर वर्षी तेच फोटो, तेच पक्षीबिंदू, त्याच चौकटी. एखाद्या वर्षी वणवा लागला, टँकरचा दुष्काळ पडला, गवत गेलं, तर तेही लिहा. सगळं नेहमी छानच असल्याची नोंदवही तपासणाऱ्याला संशयास्पद वाटते.

संमती देऊन नंतर मन बदललं तर?

संमती मागे घेता येते. लेखी कळवा आणि हद्दीतल्या बाकीच्या खातेदारांनाही सांगा, कारण एक गट निघाला की उरलेल्या क्षेत्राची हद्द आणि नकाशा नव्यानं करावा लागतो.

सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

कागदांना उन्हाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये सातबारे, वारसनोंदी आणि मोजणीचा अर्ज. मेमध्ये गावी सगळे येतात, भावकीच्या सह्या तेव्हाच होतात. पहिल्या वळवाच्या आत फोटोंच्या जागा दगडावर रंगवून ठेवा, पुढे गवत वाढलं की त्या सापडत नाहीत.